टीबीच्या गोळ्या चालू असताना डोळे कुठं दाखवायचे? नागपुरातल्या तीन-चार जागांचा रिव्ह्यू

टीबीची ट्रीटमेंट चालू आहे आणि मधेच डोळ्यांना काहीतरी होऊन राहिलंय असं वाटते, अशा वेळी नागपुरात कुठं जायचं आणि कुठं पैसे घालवायचे नाहीत यावर मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून हे टाईप करून राहिलो. जागांची नावं टाकत नाही. ज्यांच्याबद्दल वाईट लिहीन ते भांडायला येतील आणि ज्यांच्याबद्दल चांगलं लिहीन तिथं लोक म्हणतील याला कमिशन भेटलं असेल. एरिया सांगतो, काय विचारायचं ते सांगतो, बाकी तुम्ही हुशार आहात.

पेशंट माझा लहान भाऊ. पस्तिशीच्या आतला, वायरमन आहे, उन्हाळ्यात कूलरची कामं इतकी असतात की जेवायला फुरसत नाही. मानेत गाठ आली होती, सुई टाकून तपासलं तर टीबी निघाला. छातीत काही नाही, खोकला नाही, पण गोळ्या त्याच आणि कोर्सही सहा महिन्यांचाच. गोळ्या सरकारी, फुकट, निक्षय आयडी (टीबी पेशंटचा सरकारी नोंदणी नंबर) बनला, पोषणाचे महिन्याला हजार रुपये खात्यात येतात (आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले). गाठ बसली, भूक वाढली, सगळं मस्त चालू होतं आणि चौथ्या महिन्यात एक दिवस कामावरून आल्यावर म्हणते, "दादा, लाल वायर मले चॉकलेटी दिसून राहिली."

आता दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर थकला असशील म्हणून सोडून दिलं असतं. पण घरच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, आणि ज्याले लाल-हिरव्यात गडबड होऊन राहिली त्यानं बोर्ड उघडणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याले दुखत नव्हतं, डोळे लाल नव्हते, पाणी येत नव्हतं. फक्त मोबाईलवरची बारीक अक्षरं मधूनच पुसल्यासारखी आणि रंग धुतल्यासारखे.

तो स्वतःच बर्डीवरच्या (सीताबर्डी) एका मोठ्या चष्म्याच्या दुकानात जाऊन आला, तिथं डोळे फ्री चेक करून देतात म्हणून. एसी आहे, पोरं गोड बोलतात, पाणी देतात. त्या मशीनमध्ये हनुवटी ठेवायची, आत तो रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला फुगा दिसते ना, तीच ती. दोन मिनिटांत पट्टी निघाली, दोन्ही डोळ्यांना मायनस अर्धा नंबर. मग ब्लू कट ग्लास, मग एकावर एक फ्रेम फ्री, मग "भैया मोबाईल जास्त बघता का". कोणती औषधं चालू आहेत हे कोणी विचारलं नाही. रंगाचं पुस्तक काढायला लावलं तर काउंटरखालून एक जुनं पुस्तक निघालं, उन्हानं पानं पार पिवळी पडलेली. ते ठिपक्यांचे गोल असतात ना, त्यात आकडा वाचायचा असते, इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरनं १९१७ मध्ये काढलेली टेस्ट आहे ती आणि तिचा सगळा खेळच रंगांच्या बारीक फरकावर आहे, म्हणून पुस्तक बंद करून अंधारात ठेवायचं असते. पानच विटलं तर तिथं तपासायचं काय?

मी दुकानाला शिव्या देत नाही, माझा स्वतःचा चष्मा तिथलाच आहे आणि दोन वर्षं झाली, स्क्रू पण ढिला नाही झाला. चष्म्यासाठी चार स्टार. पण टीबीच्या औषधानं डोळ्यावर काही होऊन राहिलं असेल तर तिथं शून्य. मशीन नंबर काढते, नंबर म्हणजे काचेचं काम, आणि हा प्रॉब्लेम काचेचा नसते.

दुसरी गोष्ट मोबाईलचं ॲप. फुकटात इशिहारा टेस्ट देणारी भरपूर आहेत, भावानं दोन टाकली. एकात पास, एकात नापास. मग बघितलं तर त्याच्या फोनात रात्रीचा पिवळा मोड चालू आणि ब्राइटनेस पार खाली. प्रत्येक फोनचा डिस्प्ले वेगळा रंग दाखवते, त्यामुळं ॲपवर पास झाला म्हणून घरी बसू नका. आणि ते ठिपक्यांचं पुस्तक मुळात जन्मापासून लाल-हिरवा ओळखू न येणाऱ्यांसाठी बनलेलं आहे, औषधामुळं नंतर झालेला बिघाड सुरुवातीला त्यातून निसटू शकते. काही जणांचा निळा-पिवळा आधी बिघडते, तो तर त्यात धड पकडलाच जात नाही. ॲपला एक स्टार, तोही फुकट आहे म्हणून.

घरच्या घरी करायचंच असेल तर साधं करा. एकच लाल वस्तू, बाटलीचं झाकण घ्या, पेन घ्या, दिवसाच्या उजेडात एक डोळा झाकून बघा, मग दुसरा. पेपरातली रोजची तीच बारीक अक्षरं एकेका डोळ्यानं वाचा. पण यातही मेख आहे, ही भानगड बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांत सारखीच होते, त्यामुळं दोन डोळ्यांची तुलना करून काही कळत नाही, महिन्याभरापूर्वी याच झाकणाचा लाल किती भडक दिसत होता ते आठवावं लागते. म्हणून गोळ्या सुरू व्हायच्या आधी एकदा तपासून कागद ठेवला असेल तर नंतर सगळं सोपं होते. त्यालाच बेसलाइन म्हणतात. आमच्याकडं तो कागद नव्हता, डॉट्स सेंटरवर (टीबीच्या सरकारी गोळ्या भेटतात तिथं) त्याबद्दल कोणी बोललं नव्हतं.

डॉट्स सेंटरचं पण सांगून टाकतो. आमच्या एरियातल्या सेंटरवरची ताई माणूस म्हणून एक नंबर, गोळ्यांचा एकही स्ट्रिप उशिरा भेटला नाही, उलटी झाली की फोनवर सांगायची कसं घ्यायचं, आपुलकीला पाच स्टार. पण डोळ्याचं विचारलं तर पहिलं उत्तर "गोळ्या गरम पडतात, ताक प्या". दुसऱ्या दिवशी तिनंच डॉक्टरांना विचारून फोन केला की आजच्या आज डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा, हेही खरं. म्हणजे नीयत चांगली, पण माहितीचा कागद भिंतीवर लागलेला नाही, आणि मला वाटते तिथं एवढाच एक कागद पाहिजे की रंग फिके दिसले, वाचताना मधली अक्षरं गायब वाटली, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी आमच्याशी बोला.

आता मेन, धंतोलीतलं क्लिनिक.

धंतोली म्हणजे दर दोन घरांमागे हॉस्पिटल, डोळ्यांचेच कितीतरी. हे त्यातलं मध्यम साइजचं, बाहेर मोठा बोर्ड नाही, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या. नंबर लागायला वेळ लागला, रिसेप्शनवरची मुलगी तोंड वर न करता बोलते. इथपर्यंत तीन स्टारसुद्धा दिले नसते.

पण आत गेल्यावर पहिल्या बाईंनीच (ऑप्टोमेट्रिस्ट असाव्यात) फाईलवर "टीबी" वाचलं आणि विचारलं, गोळ्यांचा डबा आणला का? आणला होता. स्ट्रिपवर नाव वाचून म्हणाल्या, यात इथॅम्ब्युटॉल आहे, थेंब टाकू नका आत्ता, आधी रंग आणि फील्ड (नजरेचा घेर) करून घेऊ. ही बारीक गोष्ट वाटते पण लय महत्त्वाची आहे, कारण पुतळी मोठी करायचे थेंब एकदा टाकले की पुढं काही तास जवळचं धूसर, उजेडाचा त्रास, मग रंगाची आणि फील्डची टेस्ट बरोबर येत नाही. पुष्कळ ठिकाणी गेल्या गेल्या थेंब टाकून बसवून ठेवतात. तसं झालं तर तुम्ही स्वतः म्हणा की आधी रंग तपासा.

मग डॉक्टर मॅडम. त्यांनी डोळ्यात टॉर्च मारायच्या आधी जे विचारलं त्यावरूनच मला कळलं की बरोबर जागी आलो. वजन किती? रोज किती गोळ्या? किडनीचा काही त्रास, क्रिएटिनिन कधी केलं होतं? शुगर, बीपी? दारू? आणि नागपुरात हा प्रश्न तर पाहिजेच, "खर्रा किती?" भाऊ माझ्याकडं बघायला लागला. तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, दिवसाला किती ते इथं लिहीत नाही, आई वाचते.

हे का विचारतात ते त्यांनी समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. टीबीच्या पहिल्या दोन महिन्यांच्या गोळीत चार औषधं असतात, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. त्यातलं डोळ्याच्या नसेला बाधू शकणारं मुख्य म्हणजे इथॅम्ब्युटॉल. नंतरच्या चार महिन्यांत पायराझिनामाइड जाते, पण आपल्याकडं सरकारी कोर्समध्ये इथॅम्ब्युटॉल शेवटपर्यंत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या कोर्सात शेवटचे चार महिने फक्त दोन औषधं असतात, भारतात तिसरं म्हणून हे चालू ठेवतात, कारण इथं आयसोनियाझिडला न जुमानणारा टीबी बराच आहे. म्हणजे कारण बरोबर आहे, पण डोळ्यांवर लक्ष ठेवायचा काळ दोन महिन्यांचा न राहता सहा महिन्यांचा होते. आणि हा त्रास साधारण दोन महिन्यांनंतरच डोकं वर काढते, क्वचित त्याआधी.

डोसचा हिशोब तर मी घरी येऊन स्वतः केला. एका गोळीत इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. ५० ते ६४ किलो वजनाच्या पट्ट्याला रोज चार गोळ्या, म्हणजे ११००. भावाचं वजन ५२, म्हणजे किलोमागे २१ मिलिग्रॅम. तेच ६४ किलोच्या माणसाला तेवढ्याच चार गोळ्यांत १७ पडतात. आणि ४९ किलो असता तर तीन गोळ्या, ८२५, किलोमागे १७ च्या खाली. म्हणजे एकाच पट्ट्यात हलका माणूस जास्त डोस खाते. यात कोणाची चूक नाही, पट्टे कुठंतरी पाडावेच लागतात, पण तुम्ही पट्ट्याच्या खालच्या टोकाला असाल तर हे माहीत पाहिजे. कारण धोका डोसवर चढते, किलोमागे १५ ला शंभरात एकापेक्षा कमी, २५ ला पाच-सहा, आणि ३५ च्या वर गेलं तर अठरापर्यंत, असे आकडे आहेत. आणि हे औषध किडनीवाटे बाहेर जाते, किडनी कमजोर असेल तर तेवढ्याच गोळ्यांत अंगात जास्त साचते. म्हणून क्रिएटिनिन.

घाबरून गोळ्या सोडणाऱ्यांसाठी हेही लिहितो की शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त लोकांच्या डोळ्यांना काही होत नाही, आणि टीबी अर्धवट सोडला तर तो पुढच्या वेळी औषधाला दाद देत नाही. गोळ्या वाईट आहेत असं मी अजिबात म्हणून नाही राहिलो.

टेस्ट कशा झाल्या ते सांगतो. आधी भिंतीवरचा नेहमीचा तक्ता, दोन्ही डोळे ६/१२ (चांगली नजर म्हणजे ६/६), काच लावूनसुद्धा त्याच्या पुढं जाईना. बर्डीवाल्याचा मायनस अर्धा लावला तरी तेच. मॅडम म्हणाल्या, काच लावून सुधारत नाही म्हणजे नंबरचं काम नाही. मग इशिहारा, खिडकीजवळ, स्वच्छ पुस्तक. पहिल्या पानावरचा १२ सगळ्यांनाच दिसते, तो दिसला, नंतरच्या बऱ्याच पानांवर भाऊ गप्प. मग एक तक्ता ज्यात अक्षरं सगळी एकाच साइजची पण खाली खाली फिकी होत जातात, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, तिथंही लवकर थांबला. मग फील्ड. अंधाऱ्या खोलीत एका घुमटासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडं नजर, बाजूला कुठं उजेड चमकला की बटण दाबायचं, एकेक डोळा. कंटाळवाणी आहे, झोप येते, आणि झोप आली की रिपोर्ट बिघडते, म्हणून पोटभर जेवून जाऊ नका. भावाचा पहिला डोळा गचाळ आला तर त्या बाईंनी न चिडता परत केला. याचे मी जास्तीचे मार्क दिले. रिपोर्टमध्ये दोन्हीकडं बरोबर मध्यभागी काळा डाग.

आणि आता गंमत. थेंब टाकून पडदा बघितला, तर पडदा एकदम नॉर्मल. ओसीटी केलं, नसेच्या थराची जाडी मोजतात त्यात, तेही जवळपास ठीक. मी म्हटलं, मॅडम, मग सगळं चांगलं आहे ना? त्या म्हणाल्या, या औषधाच्या त्रासात सुरुवातीला आत सगळं नॉर्मलच दिसते, थर पातळ व्हायला लागला म्हणजे उशीर झाला, आम्ही पातळ व्हायची वाट बघत नाही. हे वाक्य मी टाईप करताना परत एकदा वाचलं. कारण "पडदा ओके आहे" असं ऐकून किती लोक खुश होऊन घरी जात असतील. डोळ्याच्या मागच्या नसेत जे बारीक धागे समोरचं स्पष्ट दिसणं आणि रंग सांभाळतात, त्यांना ऊर्जा लय लागते, आणि हे औषध शरीरातल्या तांब्या-जस्ताला धरून ठेवते त्यामुळं त्या धाग्यांचं ऊर्जेचं काम बिघडते असं मानतात. भावानं त्याच्या भाषेत लगेच पकडलं, "म्हणजे बल्ब ठीक आहे, वायर गरम झाली." मॅडम हसल्या, म्हणाल्या, बरोबर, आणि अजून जळली नाही, म्हणून आत्ताच बंद करू.

खर्ऱ्याचं पण तिथंच निघालं. तंबाखूनंसुद्धा हीच नस अशीच बिघडू शकते, बी-१२ कमी असेल तरी तसंच, म्हणून बी-१२ ची रक्त तपासणी लिहिली आणि खर्रा त्या दिवसापासून बंद. (चालू आहे बंद. पानठेल्यावरून बायको स्वतः चौकशी करून येते.)

मग जे झालं ते या क्लिनिकच्या रेटिंगचं खरं कारण. मॅडमनी चिठ्ठी देऊन पाठवलं नाही, समोर बसून टीबीच्या डॉक्टरला फोन लावला. कारण इथं एक मोठी अडचण आहे जी मला माहीत नव्हती. सरकारी गोळी एकच, तिच्यात तिन्ही औषधं मिसळलेली, त्यातून इथॅम्ब्युटॉल तेवढं बाहेर काढता येत नाही. स्वतःच्या मनानं गोळी बंद केली तर टीबीचं सगळंच औषध बंद. म्हणून इथॅम्ब्युटॉल सोडून बाकीची सुटी औषधं लागतात, ती ठरवायचं काम टीबीच्या डॉक्टरचं, आधीचे रेझिस्टन्सचे (टीबी कोणत्या औषधाला दाद देत नाही त्याचे) रिपोर्ट बघून. भावाचे रिपोर्ट चांगले होते, त्यामुळं आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन सुटी चालू झाली, सोबत बी-६. सुटी औषधं हातात पडायला सेंटरवर थोडी धावपळ झाली, ताईंनी वरपर्यंत फोन केले, मधल्या काळात बाहेरून घेतली. इथं फोन झाला नसता तर आम्ही डोळ्याचा डॉक्टर आणि टीबीचा डॉक्टर यांच्यात फुटबॉल झालो असतो.

औषध किंवा डोळ्यात टाकायचं काही खास दिलं का? नाही. यावर सिद्ध झालेलं औषध नाही, गोळी लवकर बंद करणं हाच उपाय, असं स्पष्ट सांगितलं. महागडी व्हिटॅमिनची बाटली लिहून दिली नाही, हे पण मी प्लसमध्ये धरतो, कारण खालीच त्यांचं स्वतःचं मेडिकल आहे.

पुढं कसं झालं. सुरुवातीला काहीच फरक नाही, उलट भाऊ म्हणे अजून थोडं धूसर झालं, तसं होऊ शकते हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही तग धरली. मग हळूहळू महिन्यांच्या हिशोबानं सुटलं. आता उजवा ६/६, डावा ६/९, फील्डमधला डाग उजव्यात गेला, डाव्यात जरासा आहे. लाल लाल दिसते, पण डाव्यानं बघितला तर थोडा उतरलेला, असं तो म्हणते. सगळ्यांचं एवढं परत येत नाही, काहींचं येतच नाही, हेही मॅडमनी लपवलं नाही. वायरिंगला तो अजून टेस्टर लावल्याशिवाय हात लावत नाही, आणि सोबत एक पोरगा ठेवला आहे.

खर्च. कन्सल्टेशन वेगळं, फील्ड वेगळी, ओसीटी वेगळी, पहिल्या दिवशी चार आकडी बिल झालं. महिन्याला हजार रुपये पोषण घेणाऱ्या घराला हे जड जाते. म्हणून मधली एक तपासणी आम्ही मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या नेत्र विभागात करून बघितली. पैसे नावापुरते, डॉक्टर पोरं हुशार, त्यातल्या एका रेसिडेंटनं तर इतकं छान समजावलं की विचारू नका. पण ओपीडीची गर्दी, कार्डाची रांग वेगळी, तपासणीची वेगळी, फील्डची तारीख पुढची भेटली. ज्याला आज रंग फिके दिसून राहिलेत त्याला तारीख चालत नाही. पण ज्याची ट्रीटमेंट आत्ता सुरू होऊन राहिली आणि फक्त बेसलाइन करून ठेवायची आहे, त्यानं बिनधास्त तिथंच जावं, सकाळी लवकर. बेसलाइनसाठी चार स्टार, इमर्जन्सीसाठी अडीच.

बाकी डोळ्याचे काही प्रकार लोक मिसळून टाकतात ते सांगतो, कारण आमच्या घरीच तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. लघवी नारिंगी होणं, घाम-अश्रू नारिंगी होणं, हे रिफाम्पिसिनचं, त्यात काही धोका नाही, संत्र्याच्या गावात त्याचं काय एवढं. फक्त सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या कायमच्या रंगतील, कोर्स संपेपर्यंत चष्मा वापरा. पण डोळ्याचा पांढरा भाग पिवळा दिसायला लागला, सोबत मळमळ, भूक गेली, तर ती कावीळ असू शकते, लिव्हरचं काम आहे, तिथं डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन काही उपयोग नाही, सरळ टीबीच्या डॉक्टरकडं, त्याच दिवशी. हातपायाला मुंग्या हा बहुतेक आयसोनियाझिडचा, त्यासाठीच बी-६ देतात, आयसोनियाझिडनं डोळ्याच्या नसेलाही होऊ शकते पण क्वचित. आणि ज्यांचा एमडीआर टीबी (मुख्य औषधांना दाद न देणारा) आहे त्यांच्या औषधांत लिनेझोलिड असेल तर डोळ्यांच्या बाबतीत तेही तेवढंच लक्ष ठेवण्यासारखं आहे, तिथं तर मुंग्या आणि डोळे दोन्ही. लहान पोरांचं तर अजून अवघड, ते सांगत नाहीत की रंग फिका झाला, टीव्हीच्या जवळ जाऊन बसले किंवा चित्रात भलतेच रंग भरायला लागले तर बघा.

साइड इफेक्टची नोंद करायला सरकारी फोन आहे, १८००-१८०-३०२४, टोल फ्री, पेशंट स्वतः करू शकते. टीबीच्या इतर प्रश्नांना १८००-११-६६६६. आम्ही पहिल्यावर नोंद केली.

तर धंतोलीवालं क्लिनिक, ५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो रिसेप्शनसाठी आणि वेटिंगसाठी. कोणत्याही क्लिनिकला जायच्या आधी फोनवर एवढंच विचारा, टीबीच्या गोळ्या चालू आहेत, तुमच्याकडं कलर व्हिजन, कॉन्ट्रास्ट आणि फील्ड तिन्ही आजच होईल का? "या, डॉक्टर बघतील" असं उत्तर आलं तर दुसरीकडं फोन लावा. गोळ्यांचा डबा, ट्रीटमेंट कार्ड, वजन, क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या. गाडी नेऊ नका, धंतोलीत पार्किंग भेटत नाही आणि थेंब टाकल्यावर चालवता पण येत नाही, मेट्रोनं काँग्रेस नगरला उतरा, तिथून ऑटो. मे महिन्यात असाल तर गॉगल आणि दुपट्टा दोन्ही घ्या, मोठ्या पुतळीनं नागपूरचं ऊन सोसत नाही.